२६६ रुपये ५० पैशांची गोणी

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर कडुनिंबाच्या लेपाचा खर्च आणि कर धरून २६६ रुपये ५० पैसे अशी किंमत असते. लेप आणि कर वगळले तर मूळ किंमत २४२ रुपये, आणि ती २०१८ पासून जागची हललेली नाही. त्याआधी गोणी ५० किलोची होती आणि तिची मूळ किंमत २६८ रुपये होती. म्हणजे किलोचा दर पाहिला तर तो २०१२ च्या अखेरीपासून जवळजवळ तिथेच आहे. एवढ्या काळात डिझेल, मजुरी, बियाणे, औषधे आणि नांगरटीचे दर यांचे काय झाले, हे शेती करणाऱ्याला सांगावे लागत नाही. सरकारच्याच सांगण्याप्रमाणे २०२३ मध्ये ही गोणी सुमारे २,२०० रुपयांना पडत होती. शेतकऱ्याने त्यातला जेमतेम आठवा हिस्सा द्यायचा आणि बाकीची रक्कम केंद्र सरकारने कारखान्याला किंवा आयातदाराला भरून द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. युक्रेनच्या युद्धामुळे नैसर्गिक वायू आणि खते महागली, त्या २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचे खतांवरचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले.

असा आकडा वर्तमानपत्रात आला की शहरात एक ठरलेली चर्चा सुरू होते आणि गावात दुसरी. मी शहरात महाविद्यालयात शिकवतो, आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली आमची शेती माझे थोरले चुलते आणि चुलतभाऊ पाहतात, त्यामुळे दोन्ही चर्चांमधली वाक्ये मला तोंडपाठ झाली आहेत. शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी म्हणते की आमच्या करातून किती दिवस पोसायचे. गावच्या पारावर कोणी तरी म्हणते की उद्योगपतींची कर्जे निर्लेखित होतात तेव्हा तुमची अर्थशास्त्रे कुठे जातात. दोन्ही बाजू शेतकऱ्याला किती दिले जाते यावर भांडतात. मला मात्र वर्षानुवर्षे हा वाद ऐकताना असे वाटत आले आहे की रकमेपेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे: महागाई आली की त्या अनुदानातली कोणती बाजू गोठलेली राहते आणि कोणती हलते, आणि ती हलवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो. हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो अण्णांनी, म्हणजे त्या थोरल्या चुलत्यांनी, सरळ माझ्यासमोर ठेवला. त्याकडे मी येईनच. आधी ही गोणी इतकी स्वस्त कशी झाली आणि स्वस्तच का राहिली ते पाहायला हवे.

हरितक्रांतीनंतर देशात खतांची मागणी वाढत होती आणि १९७३ च्या तेलसंकटाने खते एकाएकी महाग केली होती. अशा वेळी मराठे समितीच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये धारण-किंमत योजना आली. शेतकऱ्याला मिळणारी किंमत सरकारने ठरवायची, प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च सरकारने निराळा काढायचा, त्यात भांडवलावर १२ टक्के परतावा मिळवायचा, आणि दोहोंमधला फरक कारखान्याच्या हाती ठेवायचा. त्या काळी ही सोय शहाणपणाची होती, कारण तिच्यामुळे देशात खतकारखाने उभे राहिले. पण ज्याचा खर्च जास्त त्याला अनुदानही जास्त, असा तिचा अर्थ होत असल्याने काटकसर करणाऱ्या कारखान्याला त्यातून काही खास मिळत नव्हते. १९९१ च्या जुलैत मनमोहनसिंग यांनी आपल्या पहिल्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या, आणि संसदेत व संसदेबाहेर एवढा गदारोळ झाला की ती वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. पुढच्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टमध्ये, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांची खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. २०१० च्या एप्रिलमध्ये पोषणमूल्यावर आधारित अनुदानाची योजना आली, तेव्हाही पुन्हा तेच झाले: स्फुरद-पालाशाचे अनुदान ठरावीक करून किंमत बाजारावर सोडली आणि युरियाला हात लावला नाही.

याचा परिणाम कोणत्याही गावातल्या माणसाने दोन वर्षांत सांगितला असता. डीएपी या स्फुरदाच्या खताची ५० किलोची गोणी पावणेपाचशे रुपयांच्या आसपास मिळायची, ती काही हंगामांत बाराशेच्या वर गेली. युरियाची होती तिथेच. नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश यांचा देशातला वापर २००९-१० मध्ये ४.३:२:१ असा होता, म्हणजे मान्य झालेल्या ४:२:१ या प्रमाणाच्या अगदी जवळ. २०१२-१३ मध्ये तो ८.२:३.२:१ झाला. तज्ज्ञ याला असमतोल वापर म्हणतात आणि त्याचा दोष बऱ्याचदा शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकतात. पण ज्याला पावणेपाचशेची वस्तू बाराशेला आणि शेजारची वस्तू पूर्वीच्याच भावात मिळते, त्याने दुसरी जास्त घेतली तर त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचे? किमतींनी जे सांगितले तेच त्याने केले.

जुलैचा पहिला पंधरवडा आहे, मका गुडघ्याला लागला आहे, खुरपणी आटोपली आहे आणि चार दिवसांच्या रिमझिमीनंतर पाऊस उघडून वाफसा झाला आहे, अशी एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. अशा सकाळी पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला एकाच वेळी युरिया हवा असतो. कृषी सेवा केंद्रासमोर मोटारसायकली लागलेल्या असतात. दुकानदाराकडच्या, विक्रीची नोंद करणाऱ्या पॉस यंत्रावर आधार क्रमांक टाकून अंगठा द्यायचा. तो उमटला नाही तर दुसरे बोट, तेही नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवायचे. अण्णांचा अंगठा क्वचितच पहिल्या खेपेला लागतो. यंत्राने होकार दिल्यावर दुकानदार हळूच सांगतो की युरिया आहे, पण त्याच्याबरोबर ही द्रवखताची बाटली घ्यावी लागेल. या प्रकाराला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. ते करू नये असे सरकारी आदेश आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो की कंपनीने माझ्या गळ्यात बाटल्या घातल्या, त्या मी कोणाच्या गळ्यात घालू. आणि त्याचेही अगदीच खोटे नसते, कारण अनुदानित खतावर त्याला सुटणारे कमिशन फार थोडे आहे. अण्णा बाटली घेतात. पडवीतल्या फळीवर गेल्या वर्षीच्या दोन बाटल्या सील न फोडता उभ्या आहेत, त्यांच्या शेजारी ही तिसरी जाते. तेव्हा छापील किंमत काहीही असो, हमाली आणि बाटली धरून पाऊस उघडलेल्या त्या आठवड्यात गोणी २६६ रुपये ५० पैशांना पडत नाही.

तरीही ती हवीच असते, आणि त्याला किमतीखेरीज आणखी एक कारण आहे. युरिया दिसतो. तो टाकल्यावर ओल असेल तर चार-पाच दिवसांत मक्याची पिवळसर झाक जाऊन पीक काळेभोर दिसू लागते, आणि बांधावरून जाणारा माणूस थांबून म्हणतो की यंदा मका झकास आहे. पालाश टाकल्याचे असे काही दिसत नाही. त्याचे काम दाणा भरताना, कांदा टिकताना, पीक रोगाला तोंड देताना कळते, आणि तेव्हाही श्रेय कोणाला द्यायचे ते नक्की नसते. ज्या खताचा परिणाम डोळ्यांना दिसतो तेच स्वस्त, आणि ज्याचा परिणाम विश्वासावर घ्यायचा ते महाग, अशी ही मांडणी झाली आहे. वर टाकलेल्या युरियातले निम्म्याहून अधिक नत्र पिकाच्या कामी येतच नाही. काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते, आणि जास्त झालेल्या नत्राने लुसलुशीत झालेले पीक किडीला आवतण देते, म्हणून औषधाची फवारणी वाढते. तिच्यावर अनुदान नसते. स्वस्त गोणीने वाढवलेला हा खर्च अनुदानाच्या कोणत्याही हिशेबात धरलेला मी पाहिलेला नाही.

मग हे अनुदान नक्की कोणाला मिळते? २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, याचा हिशेब मांडला गेला होता. अकार्यक्षम कारखान्यांना टिकवण्यात जाणारा पैसा, शेतीबाहेर आणि सीमेपलीकडे पळवला जाणारा युरिया आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे जाणारा वाटा हे सगळे वजा केल्यावर, ज्यांच्या नावाने हे चालते त्या अल्प आणि अत्यल्प भूधारकांपर्यंत युरियाच्या अनुदानातले सुमारे ३५ टक्केच पोहोचत होते. त्याच सुमारास कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, पुढे पॉस यंत्रे आली, आणि कारखान्याला अनुदान माल पाठवल्यावर मिळण्याऐवजी दुकानात अंगठा लागल्यावर मिळू लागले. त्यामुळे गळती कमी झाली असणार. पण अनुदान जाते कारखान्याच्याच खात्यात, आणि शहरातल्या चर्चेत मात्र ते आपण शेतकऱ्याच्या हातावर ठेवले असे मानले जाते.

आणि ठेवले असे धरले तरी दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, हे विचारायला नको का? आमच्या भागात हा प्रश्न कांद्याच्या भाषेत विचारला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव काही दिवस थांबले, आणि सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भाव निम्म्याखाली आला. बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. आता एका एकराचा हिशेब करू. कांद्याला नत्राची जी शिफारस आहे तिच्याप्रमाणे एकरी दोनच गोण्या युरिया लागतो. दोन गोण्यांवरचे अनुदान, वरच्याच सरकारी आकड्याने, साधारण ३,९०० रुपये. एकरी ८० क्विंटल कांदा निघाला आणि बंदीमुळे क्विंटलमागे फक्त ५०० रुपये कमी मिळाले असे धरले, प्रत्यक्षात घसरण त्याहून मोठी होती, तरी नुकसान ४०,००० रुपयांचे होते. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून हे केले जाते. त्याची गरजही खरी आहे, हे मी नाकारत नाही, कारण मीही कांदा विकतच घेतो. पण मग शेतकऱ्याच्या नावावर मांडलेले ३,९०० आणि ग्राहकाच्या नावावर न मांडलेले ४०,००० हे एकाच पानावर लिहिले पाहिजेत.

शरद जोशींनी ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीपासून सांगितली. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेची घोषणाच होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. भारतीय शेतकऱ्याला मिळणारी सबसिडी उणे आहे, असे ते आकडे मांडून म्हणत, तेव्हा अनेकांना तो वक्तृत्वाचा भाग वाटे. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या अभ्यासात, २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार सरासरीने शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे १४ टक्के होता असे निघाले, आणि हे खते, वीज, पाणी यांची सगळी अनुदाने जमेला धरूनच. निर्यातबंदी, साठ्यावरच्या मर्यादा आणि बाजारावरचे निर्बंध यांनी जेवढे काढून घेतले तेवढे अनुदानांनी परत दिले नाही, असा त्याचा अर्थ. अर्थात सरासरीत ऊस आणि कांदा एकत्र येतात, आणि या दोन शेतकऱ्यांची दैवे महाराष्ट्रात फार वेगवेगळी आहेत. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरतो आणि ऊस पाणीही आपल्या क्षेत्राच्या मानाने कितीतरी जास्त पितो. तेव्हा संघटनेचे म्हणणे प्रत्येक बागायतदाराने स्वतःला लावून घ्यावे असे नाही.

इथपर्यंत आलेला कोणीही सरळ पुढचे पाऊल सुचवेल, आणि मीही अण्णांना तेच सुचवले होते. गोणीवरचे अनुदान बंद करावे, खताला त्याची खरी किंमत लावावी, आणि वाचलेला पैसा एकराच्या किंवा खात्याच्या हिशेबाने शेतकऱ्याच्या बँक खात्यात टाकावा. मग तो युरिया घेईल, शेणखत घेईल, ठिबकच्या नळ्या बदलेल किंवा मुलीची फी भरेल. त्याचे त्याने ठरवावे. कारखान्याचा अकार्यक्षमपणा आपल्या माथी येणार नाही, जमिनीचा समतोल सुधारेल, आणि मुख्य म्हणजे बाटलीचे लिंकिंग करायला कारणच उरणार नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हे इतके स्वच्छ दिसते की शेतकरी त्याला का कबूल होत नाहीत याचे त्याला नवल वाटते.

अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पैसे खात्यात येतील, ते खरंय. पण गोणी महाग झाली म्हणजे ते पैसे वाढवायला कोण येणार? गोणीचे पन्नास रुपये वाढू दे, गावोगाव रस्ते अडतील, आमदार धावत येईल. हप्ता वाढला नाही म्हणून कधी रस्ता अडलेला तू पाहिलास का?”

हा आक्षेप मी नंतर आकड्यांत मांडून पाहिला, आणि तो जितका मांडावा तितका पक्का होत जातो. २०१५-१६ मध्ये खतांवरचे एकूण अनुदान सुमारे ७३,००० कोटी रुपये होते. त्या वर्षीच्या कृषिगणनेप्रमाणे देशात शेतीची खाती सुमारे साडेचौदा कोटी. समजा त्याच वर्षी सरकारने माझा सल्ला ऐकला असता आणि सगळे अनुदान सारखे वाटून रोख केले असते, तर प्रत्येक खात्याला वर्षाला ५,००० रुपये मिळाले असते. सात वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, खत महाग झाले आणि गोणीचा भाव स्थिर ठेवायला सरकारला खात्यामागे १७,००० रुपयांच्या आसपास खर्च करावा लागला. तो कोणालाही न विचारता झाला, त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही, कारण किंमत गोठलेली असल्यामुळे वाढीचा सगळा बोजा आपोआप तिजोरीवर गेला. रोख रक्कम असती तर तिचे ५,००० चे १७,००० कोणी केले असते? या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने द्यायचीही गरज नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, असे ठरले. मधल्या सहा वर्षांत महामारी आली, युद्ध आले, डिझेल वाढले, मजुरी वाढली. हप्ता २,००० रुपयांचाच राहिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले ६,००० त्यात घातले, तेही तेव्हापासून तेवढेच आहेत.

म्हणजे गोणीत किंमत गोठते, म्हणून अनुदान वाढते. खात्यात अनुदान गोठते, म्हणून त्याची किंमत आटत जाते. दोन्हींत सरकार काहीच करत नाही, पण काहीच न करण्याचा फायदा पहिल्यात शेतकऱ्याला मिळतो आणि दुसऱ्यात तिजोरीला. अण्णांच्या पिढीने हे कोणत्याही सूत्राशिवाय ओळखले आहे, आणि शेतकरी अनुदानाच्या सुधारणांना विरोध करतात तेव्हा त्यामागे अज्ञानापेक्षा हा अनुभव अधिक असतो असे माझे मत बनले आहे. जमिनीचे नुकसान त्यांना दिसत नाही असे नाही. अण्णा स्वतः सांगतात की पूर्वी नांगराच्या मागे गांडुळे टिपायला बगळ्यांची रांग लागायची, आता दोन-चार येतात. पण जमीन सुधारायची म्हणून, जे एकच आश्वासन इतकी वर्षे पाळले गेले तेवढे सोडून द्यायचे, आणि ज्या पद्धतीत आश्वासन हळूहळू विरघळते ती पत्करायची, याला कोणता विचारी माणूस तयार होईल?

गोणीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शहरात क्वचितच कोणाला ठाऊक असते. दुकानात आधार विचारतात, सातबारा विचारत नाहीत. आमच्या शिवारात बटाईने शेती करणारी कितीतरी कुटुंबे आहेत, आणि त्यांचा व्यवहार तोंडी असतो. मालक कागद करत नाही, कारण कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कुळकायद्याची आठवण तीन पिढ्यांनंतरही जागी आहे आणि कागद झाला की जमीन जाईल ही भीती तिच्याबरोबर जागी आहे. रोख अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेत हंगामाला एकरी ४,००० रुपये दिले, तेव्हा ते जमीनमालकाला मिळाले आणि कसणारे कूळ बाहेर राहिले. या योजनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप तोच होता. स्त्रियांचे तर विचारूच नका. रोपे लावण्यापासून कांदा कापण्यापर्यंत राबणारी बाई सातबाऱ्यावर बहुधा नवरा वारल्यानंतरच येते. गोणी मात्र, बाटलीसह का होईना, कसणाऱ्याच्या खांद्यावर जाते.

एकरावर रक्कम देण्यात दुसराही एक दोष आहे, तो युरोपने अनुभवला आहे. तिथे पूर्वी पिकांच्या किमती टिकवून धरत, त्यातून लोण्याचे आणि धान्याचे डोंगर साठले. म्हणून १९९२ पासून आणि पुढे २००३ च्या सुधारणेने मदत पिकाशी न जोडता क्षेत्राशी जोडली गेली. डोंगर ओसरले, पण थेट मदतीपैकी सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जाऊ लागली, कारण जमीनच त्यांच्याकडे. न्यूझीलंडने १९८४ मध्ये बहुतेक सगळी अनुदाने एका झटक्यात काढून टाकली आणि शेती बुडाली नाही, हे उदाहरण आपल्याकडे फार उत्साहाने दिले जाते. तिथला मेंढपाळ शेकडो हेक्टरचा धनी होता, आणि त्याच्या लोकरीची निर्यात कोणी एका संध्याकाळी अधिसूचना काढून बंद करत नव्हते, एवढे दोन तपशील त्या उदाहरणातून गाळले जातात.

विजेचे सविस्तर लिहीत नाही; तर्क तोच आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी वीज मोफत आहे, आणि त्याचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना होईल असे सांगितले गेले. बिल गेले याचा आनंद आहेच, पण आमच्या फीडरवर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येणारी थ्री-फेज वीज, ती आली की आपोआप मोटार चालू करणारा ऑटो स्विच, आणि शेजारच्या चार मोटारी एकदम सुरू झाल्याने जळणारी डीपी हे जसेच्या तसे आहे. ज्या शेतकऱ्याला बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पहाटे दोनला बारे द्यायला जावे लागते, त्याला फुकट विजेपेक्षा दिवसाची वीज मोलाची आहे, आणि तो तसे म्हणतोही. फुकटाची घोषणा एका दिवसात होते, दिवसाची वीज द्यायला सौर वाहिन्या आणि उपकेंद्रे उभारावी लागतात, हा फरक आहे.

तेव्हा माझे मत आज असे आहे. गोणीवरचे अनुदान जमिनीला घातक आहे, ते कारखान्यांच्या सोयीचे आहे, आणि आज ना उद्या ते रोखीत बदलले पाहिजे, पण तीन गोष्टी आधी झाल्याशिवाय नाही. बटाईदाराचे नाव मालकाच्या हक्काला धक्का न लावता नोंदता येईल असा कायदा झाला पाहिजे. त्याशिवाय रोख मदत म्हणजे जमिनीच्या मालकीवरचे बक्षीस होईल. निर्यातबंदीसारख्या निर्णयाबरोबर त्याची भरपाई त्याच अधिसूचनेत लिहिली गेली पाहिजे. ग्राहकाला स्वस्ताई हवी असेल तर तिचा खर्च सर्वांनी मिळून करावा. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच केला, ती म्हणजे हप्ता हलला पाहिजे. माझा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, निर्देशांक पाहून वाढतो. त्यासाठी मला रस्ता अडवावा लागत नाही, आणि तो वाढला म्हणून कोणी मला आमच्या करातून पोसलेला म्हणत नाही. शेतकऱ्याच्या हप्त्याला असाच नियम लावण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

कृषी उत्पादनखर्च व मूल्य आयोग दरवर्षी खरीप आणि रब्बी पिकांचा खर्च काढतोच. त्यात खताचा, मजुरीचा, बैलांचा, यंत्राचा रकाना वेगळा असतो. याच आयोगाने युरियाही पोषणमूल्याधारित अनुदानात आणावा अशी शिफारस केलेली आहे. त्याच कोष्टकात आणखी एक रकाना घालून, खताचा खर्च गेल्या हंगामापेक्षा किती वाढला आणि त्यानुसार एकरी हप्ता किती असावा हे लिहावे, आणि आयोगाची ही शिफारस सरकारवर बंधनकारक करणारे कलम संसदेने मंजूर करावे. हमीभावाच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, म्हणून हे कलम महत्त्वाचे. ते झाले, आणि खत महागलेल्या पहिल्याच हंगामात हप्ता खरोखर वर सरकला, तर अण्णांकडे गोणीचा विषय मी स्वतः पुन्हा काढीन. तोपर्यंत जुलैमध्ये पाऊस उघडला की त्यांनी दुकानासमोरच्या रांगेत उभे राहू नये, असे सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.